ॲनिमेशनपटांची गाणी लिहून जगता येईल का?

पत्र:

"मी २६ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि कळायला लागल्यापासून मुलांसाठी गाणी लिहिते. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओने त्यांच्या पहिल्या ॲनिमेशनपटासाठी माझ्याकडून चार गाणी लिहून घेतली. गोष्ट काजव्याच्या पिल्लाची आहे, ज्याचा दिवा लागतच नाही. आई त्याला झोपवते त्या प्रसंगासाठी मी एक अंगाई लिहिली. सगळ्यांना आवडली, कच्चं रेकॉर्डिंगही झालं. गेल्या महिन्यात दिग्दर्शकाने सांगितलं की अंगाई काढून टाकली आहे, तिथे गोष्ट थांबते. त्या दिवसापासून मी एक ओळ लिहिलेली नाही. मला हेच काम आयुष्यभर करायचंय, पण असं करिअर खरंच असतं का? नोकरी सोडून मुंबईला जाऊ का? बाबा म्हणतात, गाणी लिहून घर चालत नाही. करारावर मी नीट न वाचता सही केली आहे. आणि एक, ती अंगाई शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून म्हणून घेतली तर चालेल का?"

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

पत्रासोबत अंगाईचे शब्द पाठवलेस ते फार बरं केलंस. तुझ्या बाकीच्या प्रश्नांची वाट त्या शब्दांवरूनच जाते, म्हणून सुरुवात तिथून करते.

"नीज माझ्या राजा, नीज माझ्या फुला, वारा हलवतो चांदण्यांचा झुला." ओळी गोड आहेत, तोंडात सहज बसतात, कुठे अक्षर अडखळत नाही. तुझा कान तयार आहे याबद्दल मला शंका नाही. पण ही अंगाई कुठल्याही आईने कुठल्याही बाळाला म्हटली तरी चालेल. तुझ्या गोष्टीतल्या पिल्लाचा दिवा लागत नाही. आजूबाजूची सगळी पिल्लं लखलखतायत आणि हे एकटं अंधारात पडलंय. आईला ते दिसतंय. त्याला थोपटताना तिच्या मनात काय चाललं असेल? उद्या हा विचारेल तेव्हा सांगायचं काय, हेच ना? तुझ्या गाण्यात ती धास्ती कुठेच नाही. गाण्याआधी पिल्लू जितकं उदास, तितकंच नंतरही उदास. मधल्या दोन मिनिटांत कुणाचंच काही हललेलं नाही. दिग्दर्शक "गोष्ट थांबते" म्हणाला ते याला.

नमुन्यादाखल मी दोन ओळी लिहून पाहिल्या: "बघू नको रे कुणाचा दिवा, झोपेला कशाला उजेड हवा." तुझ्या ओळींइतक्या त्या देखण्या नाहीत. पण यातली आई काहीतरी झाकते आहे, आणि ती झाकते आहे हे पिल्लाला कळतंय. आता दुसऱ्या कडव्यात दिवसभर दमलेल्या आईलाच पेंग येऊ दे. ओळी तुटत जाऊ देत, यमक अर्ध्यावर राहू दे, आणि शेवटच्या अपुऱ्या ओळीवर पिल्लू हळूच घराबाहेर पडू दे. असं गाणं कापणं सोपं नसतं, कारण ते काढलं तर पिल्लू घराबाहेर गेलं कसं हे सांगायला नवा प्रसंग लिहावा लागतो.

या कामाबद्दल मला तुला सांगायचं आहे ते हेच. ॲनिमेशनपटाचा गीतकार हा पटकथेच्या टेबलावरचा माणूस असतो. गोष्ट पुढे नेण्याची जबाबदारी त्याच्यावरही असते, फक्त त्याला ती चालीत आणि यमकात पार पाडावी लागते. तू आजवर कविता लिहिल्यास, छान लिहिल्यास, आणि आता तुझ्यासमोर दुसरं काम आलं आहे.

अमेरिकन गीतकार हॉवर्ड ॲशमनबद्दल मिळेल ते वाच. हा मूळचा बाल्टिमोरचा, रंगभूमीवर वाढलेला माणूस. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात त्याने संगीतकार ॲलन मेनकनसोबत माणसं खाणाऱ्या झाडाचं एक संगीत नाटक केलं. ते तुफान चाललं आणि काही वर्षांत डिस्नीने त्याला बोलावलं. 'द लिटल मर्मेड' या जलपरीवरच्या ॲनिमेशनपटाची जुळवाजुळव चालू होती तेव्हा राजाच्या पदरी असलेला खेकडा इंग्रज बटलरच्या थाटाचा ठरला होता. ॲशमन म्हणाला, याला कॅरिबियन करूया. एवढ्या एका सूचनेने त्या पात्राची बोली बदलली, चाल बदलली, कॅलिप्सोचा ठेका आला आणि 'अंडर द सी' हे गाणं जन्मलं. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं. १९८९ साली आलेल्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ॲशमन नुसता गीतकार नाही, निर्माता म्हणूनही त्याचं नाव आहे. गाणं लिहिण्याआधी त्याने पात्र लिहिलं होतं, हे लक्षात घे.

तो डिस्नीच्या चित्रकारांना समजावून सांगत असे की संगीत नाटकात सुरुवातीच्या गाण्यांपैकी एका गाण्यात नायिका एका जागी बसते आणि आपल्याला आयुष्यात काय हवंय ते प्रेक्षकांना सांगते. तिला ते मिळावं असं प्रेक्षकाला वाटलं की पुढचा सगळा खेळ उभा राहतो. जलपरीचं 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' हे तसं गाणं. इंटरनेटवर त्याच्या रेकॉर्डिंगची चित्रफीत आहे, ती जरूर बघ. गायिका जोडी बेन्सनच्या शेजारी उभा राहून ॲशमन तिला सांगतोय, आवाज वाढवू नकोस, आतून म्हण. गीतकाराचं काम कागदापाशी संपत नाही हे त्यात दिसतं.

आणि हेच गाणं कापलं जाणार होतं! चाचणी खेळात लहान मुलं त्या गाण्याला चुळबुळ करायला लागली. स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅटझेनबर्ग म्हणाले, काढून टाका. तेव्हा त्या प्रसंगाची चित्रं अजून कच्चीच होती. ॲशमन, दोन्ही दिग्दर्शक आणि चित्रकार ग्लेन कीन अडून बसले म्हणून ते वाचलं. अडून बसण्यासाठी त्यांच्याकडे कारण होतं, हे गाणं नसेल तर ही मुलगी घर का सोडते ते कुणाला कळणार नाही. आवडतं गाणं म्हणून कुणी भांडलं असतं तर ऐकलं गेलं नसतं.

कापलेल्या गाण्यांची यादी मोठी आहे. ॲशमनने अल्लादिनच्या गोष्टीसाठी एका मुलाने आईला उद्देशून म्हणायचं 'प्राउड ऑफ युअर बॉय' हे गाणं लिहिलं होतं. पुढे पटकथेतून आईच काढून टाकली गेली आणि आईबरोबर गाणंही गेलं. १९९२ मध्ये चित्रपट आला तेव्हा ॲशमन या जगात नव्हता. १९९१च्या मार्चमध्ये एड्सने तो गेला, अवघ्या ४०व्या वर्षी. शेवटच्या आजारपणात 'ब्युटी अँड द बीस्ट'ची मंडळी न्यूयॉर्क राज्यात त्याच्या घराजवळच्या हॉटेलात मुक्काम ठोकून त्याच्यासोबत काम करत होती. त्या चित्रपटातलं पाहुण्याच्या स्वागताचं गाणं आधी नायिकेच्या वडिलांसाठी होतं. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की गोष्ट तर मुलीची आहे, आणि ते सबंध गाणं मुलीच्या प्रसंगावर हलवलं गेलं, त्यासाठी झालेलं काम पुन्हा करून. चित्रपटाच्या शीर्षकगीताचं ऑस्कर ॲशमनला मरणोत्तर मिळालं. अल्लादिनचं ते वगळलेलं गाणं मात्र २०१४ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या नाटकात पुन्हा घेतलं गेलं.

आणखी मागे जायचं तर १९६७च्या 'द जंगल बुक'साठी टेरी गिल्किसनने आधी बरीच गाणी लिहिली होती. वॉल्ट डिस्नीला ती फार गंभीर वाटली. शर्मन बंधूंना बोलावून नवी गाणी लिहून घेतली आणि गिल्किसनचं एकच राहिलं, बाळू अस्वलाचं 'द बेअर नेसेसिटीज'. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. उलटही घडतं. 'फ्रोजन'मधली एल्सा सुरुवातीला खलनायिका होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या नवरा-बायकोने तिच्यासाठी 'लेट इट गो' लिहिलं, ते ऐकल्यावर सगळ्यांना उमगलं की ही बाई दुष्ट नाही, घाबरलेली आहे. मग पटकथा बदलावी लागली. गाण्यात इतकं बळ असू शकतं, पण ते पात्राच्या आत शिरल्यावरच येतं.

हे इतकं कापाकापीचं का असतं, तेही समजून घे. या चित्रपटांत गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि चित्रं नंतर त्यावर हलतात. आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका प्रसंगाची कच्ची चित्रं, मग त्याच चित्रांना तात्पुरते आवाज आणि गाण्याचं डेमो जोडून केलेलं ॲनिमॅटिक. हे ॲनिमॅटिक पुन्हा पुन्हा बघतात, मोडतात, जुळवतात. एकदा पक्कं ॲनिमेशन सुरू झालं की एकेका सेकंदाला पैसा आणि माणसांचे दिवस लागतात, तेव्हा मन बदलणं परवडत नाही. म्हणून जे कापायचं ते ॲनिमॅटिकच्या टप्प्यावर कापतात. तुझी अंगाई तिथेच गेली. म्हणजे तुझा दिग्दर्शक आपलं काम नीट करतोय, आणि अजून तिथे नवं गाणं बसवायला वेळ आहे. त्याच्याकडे जा आणि विचार, आईने पिल्लाला झोपवल्यानंतर गोष्टीत काय घडतं? त्या उत्तरावरून नवी अंगाई लिहून दे. त्यांनी मागितली नसली तरी दे. याआधी त्यांच्याकडून एक गोष्ट मिळव, पूर्ण ॲनिमॅटिक. माझा अंदाज आहे की तुला फक्त 'आई बाळाला झोपवते' एवढी सिच्युएशन फोनवर सांगितली गेली आणि तू लिहून पाठवलंस. तसं असेल तर निम्मा दोष त्या पद्धतीचा आहे. पुढच्या वेळी पटकथा वाचल्याशिवाय एक अक्षरही लिहू नकोस.

आता करिअरचं. खरं सांगायचं तर भारतात नुसती ॲनिमेशनपटांची गाणी लिहून घर चालवणारा गीतकार मला माहीत नाही. थिएटरात लागणारे असे चित्रपट आपल्याकडे कमी निघतात. २०२५ मध्ये 'महावतार नरसिंह'ला जी गर्दी झाली तिने निर्मात्यांना धीर आला असेल, पण एका यशावर कुणी घर बांधू नये. अमेरिकेतही शर्मन बंधू १९६०च्या दशकात डिस्नीकडे पगारी गीतकार होते, तसं आता क्वचित असतं. बहुतेक जण एकेका चित्रपटाचा करार करतात आणि मधल्या काळात नाटकं, मालिका, जाहिराती करतात. रँडी न्यूमनचं उदाहरण घे. १५ वेळा नामांकन मिळून हात रिकामे राहिले आणि पहिलं ऑस्कर मिळालं ते १६व्या वेळी, 'मॉन्स्टर्स, इन्क.'च्या गाण्याला. हा माणूस ॲनिमेशनकडे येण्याआधी कितीतरी वर्षं स्वतःची गाणी लिहीत होता, गात होता.

तेव्हा तुझं जगणं असं मिसळीचं असणार हे गृहीत धर: मुलांच्या मालिकांची शीर्षकगीतं, जाहिराती, डबिंग, बालनाट्य, आणि वर्षा-दोन वर्षांनी एखादा चित्रपट. यातलं काहीही कमी दर्जाचं नाही. जपानी 'जंगल बुक' मालिका दूरदर्शनवर हिंदीत आली तेव्हा तिचं शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं आणि विशाल भारद्वाजांनी त्याला चाल दिली. आज तिशी-चाळिशीतली माणसं ते तोंडपाठ म्हणतात.

डबिंगची गाणी मिळाली तर सोडू नकोस. तयार चालीवर, तयार ओठांवर शब्द बसवायचे असतात. पडद्यावर पात्राचे ओठ मिटलेले दिसत असतील तर तिथे प, ब, म यांपैकी काही यायला हवं. लांब स्वरावर तोंड उघडं असेल तर तुझाही शब्द आ-कारी हवा. अर्थ राखायचा, विनोद राखायचा आणि मूल पहिल्यांदा ऐकताना अडखळता कामा नये. सहा महिने हे केलंस की चालीवर लिहिण्याची भीती कायमची जाते.

पण खरी शाळा बालनाट्य. ॲशमन, मेनकन, लोपेझ दांपत्य, 'मोआना'ची गाणी लिहिणारा लिन-मॅन्युएल मिरांडा, सगळे नाटकातून आले. रॉबर्ट आणि क्रिस्टन यांची तर ओळखच न्यूयॉर्कमधल्या संगीत नाटकांच्या कार्यशाळेत झाली. तुला त्यासाठी न्यूयॉर्कला जायची गरज नाही. १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं तेव्हापासून पात्राच्या तोंडून पद म्हणवून घेण्याचा सराव या भाषेला आहे. जुनी नाट्यपदं ऐकताना राग आणि ताना थोडा वेळ बाजूला ठेव आणि एवढंच बघ की पदाआधी पात्र कुठे उभं होतं आणि पदानंतर कुठे आहे. जिथे काहीच सरकलेलं नाही तिथे खूण कर, जिथे सरकलंय तिथे शब्द कसे वळलेत ते वहीत उतरव. आणि तुझ्या शाळेत तर प्रेक्षक आणि नट दोन्ही रोज हजर असतात! राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी एक नाटक बसव, गाणी तू लिही, चाली बांधणारा कुणी जवळपास शोध. तिसरीतलं पोर तुझ्या गाण्याच्या मध्येच शेजाऱ्याशी बोलायला लागलं तर त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मार. इतका प्रामाणिक परीक्षक तुला कुठल्याही स्टुडिओत भेटणार नाही.

म्हणूनच नोकरी आत्ता सोडू नकोस. मुंबईला राहायला जाण्याचीही घाई नको. गाण्याच्या बैठका आता फोनवर आणि व्हिडिओवर होतात, डेमो मोबाइलवरून जातं. पटकथेच्या बैठकांना मात्र पुण्याला प्रत्यक्ष जा, सुट्टी टाकावी लागली तरी.

करारावर न वाचता सही केलीस, हे वाचून मात्र जीव खालीवर झाला. आजच स्टुडिओकडून सही झालेली प्रत मागून घे. हक्क आहे तुझा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तिच्यामागे जावेद अख्तर यांच्यासारख्या गीतकारांची मोठी धडपड होती. त्या दुरुस्तीनुसार चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याचा थिएटरमधल्या खेळाव्यतिरिक्त जिथे जिथे वापर होईल तिथल्या रॉयल्टीत, ज्याला हक्क दिले त्याच्या (म्हणजे बहुधा निर्मात्याच्या) बरोबरीने गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाट्याचा हक्क राहतो. रेडिओ, टीव्ही, मोबाइलवरची ॲप, सगळीकडे. हा हक्क तुला करारात सोडूनही देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. गीत-संगीताच्या हक्कांसाठी आपल्याकडे आयपीआरएस ही सोसायटी आहे, चित्रपट बाहेर पडायच्या सुमारास तिचं सदस्यत्व घे आणि प्रत्येक गाणं आपल्या नावावर नोंदव. नोंदच नसेल तर जमा झालेले पैसे तुझ्यापर्यंत पोहोचायचे कसे?

करारात तीन गोष्टी शोध. एक, पडद्यावर आणि संगीताच्या ॲपवर तुझं नाव द्यायचं कबूल केलंय का. दोन, गाणं कापलं तरी मानधन पूर्ण मिळणार का. तू लिहून दिलंस, त्यांनी स्वीकारलं, म्हणजे मानधन मिळायलाच हवं. तीन, न वापरलेल्या गाण्याचं काय. कायदा म्हणतो की ज्याला हक्क दिले त्याने वर्षभरात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हक्क परत लेखकाकडे येतात. पण बहुतेक छापील करारांत "वेगळं काही" लिहिलेलं असतंच, म्हणून कॉपीराइटची कामं करणाऱ्या एखाद्या वकिलाला तासभर फी देऊन कागद दाखव. ते पैसे वाया जाणार नाहीत.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊ नये. पुढची दोन वर्षं लिखाणातून आलेला प्रत्येक रुपया वेगळ्या खात्यात ठेव, मानधन किती, कधी ठरलं, कधी हातात पडलं याची वही ठेव. ती वही त्यांना दाखव. दोन वर्षांनी नोकरीचा निर्णय घ्यायचा तर तो त्या आकड्यांवर दोघांनी बसून घ्या.

आणि स्नेहसंमेलन. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी गाणं म्हणावं, समोर विद्यार्थी आणि पालकच असावेत, याला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण करारात गुप्ततेचं कलम असेल तर चित्रपट येण्याआधी त्यातलं काही बाहेर जाणं त्यांना चालणार नाही. दिग्दर्शकाला एक ओळीचा मेल टाकून विचार आणि उत्तर लेखी घे. तो हो म्हणाला तर खुशाल म्हणून घे. तुझ्या अंगाईत काजव्याचं नावही नाही, त्यामुळे तो नाही म्हणेल असं वाटत नाही. फक्त पालकांना सांगून ठेव की मोबाइलवर शूट करून कुठे टाकू नका, आणि ॲनिमॅटिक हातात आलं की नव्या अंगाईचा पहिला खर्डा मला पाठव.